होपींची बाहुली



गेल्या दिवाळींत माझा एक पुतण्या अमेरिकेहून आला. आरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं तो नोकरीस आहे. येतांना त्यानें माझ्या सात वर्षांच्या नातीसाठीं वीतभर उंचीची एक बाहुली आणली. डोक्याला पिसांचा तुरा, हिरवट निळा चेहरा, डोळ्यांच्या जागीं दोन काळ्या पट्ट्या, कमरेला विणलेल्या वस्त्रासारखें रंगकाम. घरांतील आम्हां मोठ्या माणसांनीं ती हातांत घेतली आणि पहिला प्रश्न केला तो "केवढ्याला पडली?" हा. मुलीनें निराळेंच विचारलें. "काका, ही तुला कोणीं दिली?" "दुकानांत घेतली." "मग दुकानदाराला कोणीं दिली?" या प्रश्नाचें उत्तर पुतण्याला देतां येईना आणि मलाही येईना. इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत आयुष्याचीं ३५ वर्षें घालविलेल्या माणसाला ही कांहीं भूषणावह गोष्ट नव्हे. म्हणून त्यानंतर या विषयावर जें हातीं लागलें तें मी वाचीत गेलों. त्यांतील कांहीं भाग आज आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम एक कबुली देऊन टाकतों. माझ्या पिढींतील बहुतेक मास्तरांनीं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचें एकच चित्र वर्गापुढें उभें केलें. डोक्यावर गरुडाचीं पिसें, घोड्यावर स्वार होऊन केलेली रानगव्यांची शिकार आणि राहावयास कातड्याचा तंबू. होपी लोक या चित्रांत कोठेंच बसत नाहींत. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी आहेत. दगडामातीच्या, एकावर एक रचलेल्या धाब्याच्या घरांतून ते राहत आले आणि मका हें त्यांचें मुख्य पीक. आरिझोनाच्या ईशान्य भागांत एक विस्तीर्ण पठार आहे. त्या पठाराला दक्षिणेकडे तीन सोंडा फुटल्या आहेत. या सोंडांना स्पॅनिश लोकांनीं 'मेसा' म्हणजे मेज असें नांव दिलें. त्यांच्या माथ्यावर आणि पायथ्याशीं होपींचीं डझनभर गांवें वसलेलीं आहेत. त्यांपैकीं ओरायबी हें गांव बाराव्या शतकापासून नांदतें आहे. उत्तर अमेरिकेंत इतकीं जुनीं आणि अखंड वस्तीचीं गांवें फारच थोडीं.

या प्रदेशांत बारमाही नदी नाहीं. वर्षाचा पाऊस सरासरीनें दहा इंचांच्या आंतबाहेर. तेवढ्या ओलीवर मका काढावयाचा म्हणजे टोकदार काठीनें हातभर खोल भोंक पाडून त्यांत मूठभर दाणे टाकावयाचे आणि दोन ठोंबांमध्यें चांगलें अंतर राखावयाचें. मेघ वेळेवर आला तर वर्षाचें अन्न मिळावयाचें, न आला तर उपास. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाहीं. होपींचा सारा धर्म या एका चिंतेभोंवतीं उभा आहे, आणि आपली बाहुलीही त्याच चिंतेंतून जन्मली आहे.

होपींची अशी श्रद्धा आहे कीं, मनुष्य आणि पर्जन्य यांच्यामध्यें 'कात्सिना' नांवाच्या दिव्य शक्ति आहेत. मेघ, मका, गरुड, हरीण, सूर्य, वनस्पति अशा नाना रूपांनीं त्या वावरतात. त्यांचे दोनशेंहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. त्यांच्या गांवांच्या नैर्ऋत्येस, फ्लॅगस्टाफ शहरानजीक, सुमारें साडेबारा हजार फूट उंचीचीं बर्फाच्छादित शिखरें आहेत. नकाशावर त्यांना सान फ्रान्सिस्को शिखरें म्हणतात. तेथें कात्सिनांचें निवासस्थान. हिवाळ्यांत सूर्य परत फिरला म्हणजे ते गांवांत येऊं लागतात आणि जुलै महिन्यांत, मका जोमांत आल्यावर, आपल्या घरीं परत जातात. त्या सहा-सात महिन्यांत मुखवटे धारण केलेले पुरुष गांवच्या चौकांत नाचतात. त्या वेळीं नाचणारा मनुष्य हा मनुष्य राहत नाहीं, तो कात्सिनाच होतो, अशी भावना असते. मृत पूर्वज मेघ होऊन पुन्हां गांवावर येतात, हाही त्याच श्रद्धेचा एक भाग आहे.

आतां बाहुलीकडे येऊं. होपी भाषेंत तिला 'तिहू' म्हणतात. वर्षांतील दोन सणांना तिचें विशेष महत्त्व आहे. फेब्रुवारींत 'पोवामू' नांवाचा सण येतो. बाहेर जमीन गारठलेली असते. अशा वेळीं 'किवा' म्हणजे अर्धवट भूमिगत अशा धर्मगृहांत शेकोटीच्या उबेवर घेवड्याचें बीं रुजविलें जातें. सणाच्या पहाटे कात्सिना त्या हिरव्या कोंभांच्या जुड्या घेऊन घरोघर येतात. त्यांसमवेत ते मुलींना तिहू देतात आणि मुलांना धनुष्यबाण. दुसरा सण 'निमान', म्हणजे कात्सिनांना निरोप देण्याचा. तो जुलैंत होतो. त्या दिवशीं ते शेतांतील मक्याचीं पहिलीं हिरवीं ताटें घेऊन येतात आणि त्यांबरोबर बाहुली मुलीच्या हातीं ठेवतात. एक भेट पीक यावें या आशेची, दुसरी पीक येऊं लागल्याची. दोन्ही वेळां ती हिरव्या पानांबरोबर येते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ही बाहुली वाटेल त्या लाकडाची करीत नाहींत. ओढ्यांच्या कांठीं कॉटनवुड नांवाचें, पॉप्लरच्या कुळांतील एक झाड वाढतें. त्याच्या वाळलेल्या मुळाचें लाकूड घ्यावयाचें. तें वजनानें हलकें असतें आणि कोरतांना सहसा चिरत नाहीं, हा व्यवहारांतील लाभ झाला. परंतु होपी सांगतात तें कारण याहून खोल आहे. या झाडाचें मूळ कोरड्या जमिनींत लांबवर पसरून पाण्याचा शोध घेतें. जें मूळ पाणी शोधतें त्याचीच ही बाहुली. घरांतील पुरुष तें मूळ कापून, वालुकाश्मानें घासून गुळगुळीत करीत. वर पांढऱ्या मातीचा हात देऊन खनिज रंग चढवीत. रंगांनाही अर्थ असतो. पिवळा वायव्येचा, निळा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा आणि पांढरा ईशान्येचा. म्हणजे हा कात्सिना कोठून आला, हें रंग पाहून जाणता मनुष्य ओळखतो.

सर्वांत पहिली तिहू तान्ह्या बालकाला मिळते. ती फळीसारखी चपटी असते, तिला हातपाय नसतात. तीवर बहुधा कात्सिनांची माता 'हाहाइ-वूती' हिचा चेहरा रंगविलेला असतो. मुलगी जसजशी मोठी होते तसतशा मिळणाऱ्या बाहुल्या अधिक अवयवयुक्त होत जातात. जुन्या पद्धतींत हात पोटाशीं घट्ट मिटलेले असत. मुली त्यांना खेळवीत, निजवीत. एरवीं त्या भिंतीवर किंवा तुळईला टांगलेल्या असत. निजतां उठतां मुलीची दृष्टि त्यांवर पडावी. चौकांत नाचतांना पाहिलेला कात्सिना कोणता, त्याच्या मुखवट्यावर खूण कोणती, तो काय घेऊन येतो, हें सारें तिला त्या बाहुलीवरून समजावें. होपींची विद्या लिपिबद्ध नव्हती, ती अशी भिंतीवर टांगलेली होती.

आपल्या 'बाहुली' या शब्दानें येथें थोडी फसवणूक होते. भातुकलींतील बाहुलीशीं मुलगी आपल्या मनचा खेळ मांडते, तिचें नांवही तीच ठेवते. तिहूचें नांव आधीं ठरलेलें असतें आणि तिचा स्वभावही ठरलेला असतो. तरीसुद्धां ती देवमूर्ति नव्हे. तिची पूजा होत नाहीं, तिला नैवेद्य नाहीं. अमेरिकन संशोधक जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनीं १८९४ मध्यें या बाहुल्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रवासी यांना मूर्ति समजतात, परंतु हीं मुलांचीं खेळणीं आहेत, असें त्यांनीं त्यांत स्पष्ट नमूद केलें. ते खेळणीं म्हणाले. होपी स्वतः तिला कन्येच्या आरोग्याची आणि वाढीची प्रार्थना मानतात. मला तिचें वर्णन 'हातांत ठेवलेला आशीर्वाद' असें करावेंसें वाटतें.

मुलांच्या शिस्तीसाठींही कात्सिना येतात. पोवामूच्या सुमारास विक्राळ तोंडाचे, करवतीसारख्या दातांचे कांहीं राक्षस दारोदार फिरतात. या घरांतील अमुक मुलगा फार दांडगाई करतो, त्याला आमच्या हवालीं करा, अशी मागणी ते करतात. मूल भयानें आईला बिलगतें. मग आईबाप राक्षसांशीं हुज्जत घालतात. मुलगा आतां सुधारेल, मुलगी दळण दळूं लागली आहे, असें सांगून त्याची बाजू घेतात. अखेर मांस, पीठ, भाकर देऊन त्यांची बोळवण करतात. मुलाला भय तर वाटतें; परंतु संकटाच्या वेळीं आपलीं माणसें आपल्या पाठीशीं उभीं राहतात, हेंही तें त्याच वेळीं शिकतें. योग्य वय झालें म्हणजे मुलांना दीक्षा देऊन या विषयांतील पुढील ज्ञान देतात. तें ज्ञान परक्यांनीं चव्हाट्यावर मांडूं नये अशी होपी वडीलधाऱ्यांची इच्छा आहे. ग्रंथांत तें छापलेलें असलें, तरी आपणही येथेंच थांबूं.

या श्रद्धेला आजवर तीन प्रकारच्या परक्यांशीं गांठ घालावी लागली. पहिले आले स्पॅनिश. कोरोनादो नामक सरदाराच्या सैन्यांतील पेद्रो दे तोवार हा १५४० मध्यें होपींच्या गांवांत पोंचला. १६२९ मध्यें फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनीं तेथें मठ आणि चर्चें बांधण्यास आरंभ केला. त्यांच्या दृष्टीनें कात्सिना म्हणजे सैतान. १६६१ मध्यें पूर्वेकडील रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यांतील गांवांत कात्सिनांच्या नृत्यांस बंदी झाली आणि मुखवटे हुडकून नष्ट करण्यांत आले. १६८० च्या ऑगस्ट महिन्यांत त्या भागांतील बहुतेक गांवांनीं एकदम उठाव केला. त्यांत होपीही सामील झाले आणि चर्चें जमीनदोस्त झालीं. पुढें स्पॅनिश सत्ता नदीकांठीं परत आली, तरी होपींवर ती पुन्हां बसली नाहीं. मात्र याची किंमतही त्यांनीं दिली. अवातोवी या होपी गांवानें धर्मोपदेशकांना पुन्हां थारा दिला, म्हणून १७०० सालाच्या अखेरीस इतर होपींनींच तें गांव उद्‌ध्वस्त केलें. शांतताप्रिय म्हणून प्रसिद्ध असलेल्या लोकांच्या इतिहासांतील ही दुःखद घटना झांकून ठेवणें इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाहीं.

दुसरे आले शाळामास्तर. येथें मला अवघडल्यासारखें होतें, कारण हे माझेच व्यवसायबंधु. १८४८ मध्यें हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकन संयुक्त संस्थानांकडे गेला. १८८२ मध्यें राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनीं होपींसाठीं राखीव प्रदेश ठरविला, आणि १८८७ मध्यें कीम्स कॅन्यन येथें सरकारी वसतिशाळा निघाली. आईबाप मुलें पाठवीनात, तेव्हां शिपाई धाडून तीं नेण्यांत आलीं. तेथें त्यांचे केस कापले गेले, त्यांना इंग्रजी नांवें मिळालीं आणि स्वभाषा बोलणें हा गुन्हा ठरला. या धोरणाला आणि जमिनीच्या सरकारी वांटणीला विरोध करणाऱ्या ओरायबीच्या १९ पुरुषांना पकडून १८९५ च्या जानेवारींत सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील आल्काट्राझ बेटावर कैदेंत टाकलें. सुमारें आठ महिन्यांनीं ते सुटले. याच वादानें पुढें ओरायबीचे दोन तट पडले आणि ८ सप्टेंबर १९०६ रोजीं हरलेला पक्ष गांव सोडून निघाला. त्यांनीं हॉटव्हिला हें नवें गांव वसविलें.

मघां सांगितलेला राक्षस आठवा. तो दारांत येऊन मूल मागतो, आणि भाकर घेऊन परत जातो. सरकारचा मनुष्य दारांत आला तेव्हां आईबापांनीं तशीच हुज्जत घातली असेल. पण तो मूल घेऊनच गेला. आणि हें विद्यादानाच्या नांवाखालीं झालें. त्या शाळांतील शिक्षक सारेच निर्दय होते असें मी म्हणत नाहीं. हीं मुलें कोऱ्या पाटीनें आलीं आहेत असें त्यांना वाटलें, ही त्यांची चूक. मुलें कोरी नव्हतीं. त्यांच्या घरच्या भिंतीवर कात्सिना होते, ऋतु होते, दिशा होत्या. आपणही वर्गांत आलेल्या खेड्यांतल्या मुलाला कधीं कोरी पाटी समजलों नाहीं काय, असा प्रश्न हें वाचतांना माझ्या मनांत आला, आणि त्याचें उत्तर मला सुखाचें वाटलें नाहीं.

तिसरे आले संग्राहक आणि गिऱ्हाईक. १८८१ च्या सुमारास आगगाडी त्या भागांतून धांवूं लागली. तिच्या मागोमाग संशोधक, व्यापारी आणि प्रवासी आले. १९०५ मध्यें ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर 'होपी हाउस' नांवाची इमारत उघडली. तेथें होपी कारागिरांच्या वस्तु प्रवाशांना विकत मिळूं लागल्या. फ्रान्समधील अतिवास्तववादी कवि आंद्रे ब्रेतों १९४५ मध्यें होपींच्या गांवीं जाऊन आला आणि या बाहुल्यांच्या मोहांत पडला. बॅरी गोल्डवॉटर या आरिझोनाच्या राजकारणी गृहस्थांनीं आपल्या संग्रहांतील चारशेंहून अधिक बाहुल्या १९६४ मध्यें फीनिक्सच्या हर्ड संग्रहालयास दिल्या. गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार बाहुली बदलत गेली. मिटलेले हात सुटले, पाय नृत्यांत उचलले गेले, बोटें आणि वस्त्रांच्या घड्याही दिसूं लागल्या. पुढें पक्षिसंरक्षणाच्या कायद्यांमुळें खरीं पिसें लावून विकणें कठीण झालें, तेव्हां कारागिरांनीं पिसेंही लाकडांतच कोरलीं. अलीकडे कांहीं होपी कारागिरांनीं जुन्या, साध्या घाटाकडे पुन्हां वळून मातीचे रंगही पुन्हां हातीं धरले आहेत.

मग होपींनीं आपला आशीर्वाद बाजारांत विकला काय? हा प्रश्न त्यांच्यांतही वादाचा होता. जिमी केवान्वायतेवा यांनीं विक्रीच्या बाहुल्यांवर आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घालण्यास आरंभ केला, तेव्हां स्वजनांनीं त्यांना दोष दिला. कारण कात्सिनाच्या हातून मिळणाऱ्या वस्तूवर मनुष्याची सही कशी असावी? दुसरें उदाहरण तर फार बोलकें आहे. ओरायबीचा प्रमुख तावाक्वाप्तेवा हा १९०६ च्या फुटीच्या वेळचा एक पुढारी. उत्तर वयांत तो आपल्या घरीं बसून प्रवाशांसाठीं बाहुल्या कोरी. परंतु तो एकाचे कान दुसऱ्याला आणि तिसऱ्याचें तोंड चौथ्याला अशी बुद्ध्याच सरमिसळ करी, जेणेंकरून त्याची बाहुली कोणत्याही खऱ्या कात्सिनाशीं जुळूं नये. गिऱ्हाइकाला बाहुली मिळे. कात्सिना मात्र गांवांतच राही.

बाहुलीच्या बाबतींत निदान अशी तडजोड झाली. मुखवट्यांच्या बाबतींत ती होणें शक्य नव्हतें. होपी त्यांना वस्तु म्हणत नाहींत, 'मित्र' म्हणतात, आणि ते कोणाही एका व्यक्तीच्या मालकीचे नसतात. तरीही असे सुमारें सत्तर मुखवटे एप्रिल २०१३ मध्यें पॅरिस येथें लिलावांत निघाले. होपींनीं हरकत घेतली, अमेरिकन वकिलातीनें विनंति केली. परंतु तेथील न्यायालयानें लिलाव थांबविण्यास नकार दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां लिलाव झाला, तेव्हां अमेरिकेंतील अ‍ॅनेनबर्ग प्रतिष्ठाननें २४ वस्तु विकत घेतल्या आणि त्यांतील २१ होपींना परत पाठविल्या. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेनें अशा पवित्र वस्तु परदेशीं नेण्यास बंदी करणारा कायदा केला. ज्या सरकारनें एके काळीं या नृत्यांकडे वक्र दृष्टीनें पाहिलें, त्याच सरकारनें १९७८ मध्यें मूळ रहिवाशांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला होता. हा त्यापुढील टप्पा म्हणावयाचा.

होपींनीं येथें एक विवेक राखला आहे, तो मला मोलाचा वाटतो. जें दान म्हणून मुलाला द्यावयाचें, त्याची प्रतिकृति परक्याला विकतां येईल. परंतु ज्याच्या ठायीं प्रत्यक्ष कात्सिना वास करतो तें विकतां येणार नाहीं. आणि विकलेली बाहुली कितीही सुबक असली तरी तिला दिलेल्या बाहुलीची योग्यता येत नाहीं. लाकूड तेंच, रंग तेच, कोरणारा हातही कदाचित् तोच. फरक इतकाच कीं, एक पहाटे हिरव्या कोंभांबरोबर दारांत येते आणि दुसरीची पावती मिळते.

राहतां राहिली आमच्या घरची बाहुली. मी ती चष्मा लावून नीट पाहिली. वजनाला नको तितकी जड, तळाशीं लाकडाची एकही रेघ नाहीं; कसल्याशा लगद्याची सांच्यांत ओतलेली होती. अशा नकली बाहुल्या तिकडे पुष्कळ विकल्या जातात. पुतण्या बिचारा ओशाळला. नातीला मी सारी हकीकत तिला समजेल अशी सांगितली. ही कात्सिनानें कोणाला दिलेली नाहीं, त्यानें दिलेल्या बाहुलीचें हें नुसतें चित्र आहे, असेंही सांगितलें. ती रुसेल असें मला वाटलें होतें. पण तिनें थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, त्या मुली ती भिंतीवर टांगतात ना? मग आपणही टांगूं." मी खिळा ठोकून दिला. आतां येणारा पाहुणा ती पाहून किंमत विचारतो, आणि ती त्याला मक्याची गोष्ट सांगत बसते.